बहीण तिसऱ्यांदा नांदायला गेली

वाचकाचे पत्र : माझी धाकटी बहीण तासगाव तालुक्यात दिली आहे. सासरी तीन एकर द्राक्षबाग आणि दोन म्हशी आहेत. लग्नाला अकरा वर्षे झाली असून एक मुलगा तिसरीत शिकतो. दाजी मारहाण करतात, हे आम्हाला चौथ्या वर्षी कळले. तेव्हा आबांनी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक बसवली, स्टँप पेपरवर लिहून घेतले आणि तिला परत नांदायला पाठवले. गेल्या दोन वर्षांत ती आणखी दोनदा माझ्याकडे विश्रामबागला आली. शेवटच्या वेळी मुलाला तिकडेच सोडून, रात्री वडापच्या जीपने. आवाज बसला होता, घसा धरला आहे म्हणाली. अंगावर मात्र वळ नव्हते. मी तिला पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांपर्यंत नेले, तेथून ती माघारी फिरली. येथे असताना दाजींचा फोन पहिल्या रिंगला उचलायची, व्हिडिओ कॉलवर सगळे घर फिरवून दाखवायची. तिला अजून त्यांचीच ओढ आहे, असे माझ्या बायकोचे म्हणणे. नवव्या दिवशी ती निघाली, तेव्हा मी रागाने म्हणालो, "आता गेलीस तर या घराचं दार तुला बंद." आता ती फोन उचलत नाही. चुलतभाऊ दाजींना धडा शिकवायला तयार आहेत. तिला मार खायची सवय झाली आहे का? तिला समजावावे तरी कसे? भाच्याला सांगलीत शाळेत घालता येईल का?
— एक भाऊ, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे नंतर येते. आधी त्या बसलेल्या आवाजाविषयी लिहिणे भाग आहे, कारण तुम्ही तो पडशा-खोकल्यासारखा एका वाक्यात नोंदवून पुढे गेला आहात. रात्रीच्या वेळी सासर सोडून आलेल्या बाईचा आवाज घोगरा झालेला असतो आणि अंगावर वळ नसतात, तेव्हा अशा बायकांच्या समुपदेशनाच्या कामात मुरलेल्या माणसाच्या मनात पहिली शंका गळा दाबल्याची येते. गळा आवळला गेला तरी कातडीवर खूण उमटतेच असे नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत बारीक लाल ठिपके दिसणे, चक्कर येणे, घडलेल्या गोष्टींतील मधलाच भाग न आठवणे, अशा लक्षणांतून ते कळते, आणि आतील इजेचा त्रास कधी कधी काही दिवसांनीही सुरू होतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी कधी दाबला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता, मारहाण सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या तुलनेत, सुमारे सात पट होती. नुसत्या पत्रावरून मी निदान करू शकत नाही आणि तो खरोखरच साधा घसाही असू शकेल, परंतु ती एकटी भेटेल तेव्हा "त्यानं गळ्याला हात लावला होता का?" हा प्रश्न आडवळण न घेता, याच शब्दांत विचारा. "मारलं का" या प्रश्नाला अनेक बायका "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबी गळा धरणे मारण्यात मोडत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर कितीही दिवस उलटले असले तरी तिला सिव्हिलमध्ये किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे दाखवा आणि कारण जसे आहे तसे केसपेपरवर लिहून घ्या.

आता त्या व्हिडिओ कॉलविषयी. तुमच्या पत्नीने जे पाहिले ते खरे आहे, त्यावरून काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही. माहेरी आलेली बाई नवऱ्याचा फोन पहिल्या रिंगला उचलते, भाकरी तव्यावर असताना हात पुसायलाही थांबत नाही, आणि मग मोबाईल हातात धरून हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी असे एकेक दाखवत जाते, याला मी ओढ म्हणणार नाही. खोलीत कोण बसले आहे आणि ती कोणाशी बोलते आहे याची ती हजेरी देत असते. दुसऱ्या रिंगला उचलले तर काय होते, हे तिला माहीत आहे. तुम्हाला आणि मला ते माहीत नाही. हिंसा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काळानिळा पडलेला दंड येतो, परंतु अशा घरांत मारहाण प्रत्यक्षात महिन्यातून एखाद्या दिवशी होत असेल आणि उरलेले एकोणतीस दिवस ती होऊ नये म्हणून बाई श्वासही मोजून घेत असते. तुमच्या घरी ती सुरक्षित होती असे तुम्हाला वाटले. तिच्या दृष्टीने ती मोबाईलच्या रूपाने नवऱ्यालाच बरोबर घेऊन आली होती.

बहीण "तीन वेळा परत गेली" अशी तुमची तक्रार आहे. थोडा स्पष्टपणा करते, राग मानू नये. पहिल्या वेळी ती परत गेलेली नाही, आपण तिला परत पाठवलेले आहे. आबा आणि पाहुण्यांतली चार जाणती माणसे सतरंजीवर बसली, चहा झाला, दाजींनी खाली मान घालून "पुन्हा असं होणार नाही" म्हटले आणि स्टँप पेपरवर सह्या झाल्या. त्या कागदावर तुमच्या बहिणीची सही होती का? बहुधा तिला बाहेर बोलावलेही गेले नसेल, आणि बोलावले असेल तर, ज्याने मारले त्याच्याच समोर बसून "तुझं काय म्हणणं आहे" असे विचारले गेले असेल. तो कागद मारणाऱ्याचा हात धरू शकत नाही. त्याने फक्त तिच्यापुरता एक निकाल लावला, की माहेर तिला ठेवून घेणार नाही. हे ती सात वर्षांपूर्वी शिकली. दोन वर्षांपूर्वी ती पुन्हा तुमच्या दारात आली, हे त्या मानाने मला मोठे धाडसाचे वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशभरातील ज्या स्त्रियांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती, त्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नव्हतीच, पण कोणाजवळ शब्दही काढला नव्हता. मदत मागणाऱ्यांपैकी बहुतेकींनी ती आपल्याच घरच्या माणसांकडे मागितली. तुमची बहीण त्या थोड्यांतली आहे.

तिला मार खायची सवय झाली आहे का, हे तुम्ही विचारता. सवय झाली असती तर रात्रीची ती वडापमध्ये बसली नसती. ती परत जाते त्यामागे तिचा हिशेब असतो आणि तो तिच्या जागी बसून मांडला तर फारसा चुकतही नाही. शेवटच्या वेळी मुलगा तिकडे होता. तो रात्री कोणाजवळ झोपतो, डबा कोण देते, आणि आईवरचा राग त्याच्यावर निघतो का, या विचारात तिने आठ दिवस काढले. दोन म्हशींची वैरण, शेण आणि धारा तीच काढत असणार, पण डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी ज्या खात्यावर जमा होते ते खाते तिचे नसावे. बागेत विरळणीपासून डिपिंगपर्यंत राबूनही तिच्या नावावर ना मजुरी लागते ना गुंठाभर जमीन. अंगावरचे सोने सासूच्या कपाटात असते. शिवाय अशा नवऱ्यांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास असतात. एक, "तुझ्या भावाला बघून घेतो." दुसरे, "नाही आलीस तर औषध पिऊन जीव देतो, मग बस बोंबलत", आणि ज्या घरात फवारणीच्या औषधांचे डबे पडवीतच रचलेले असतात तिथे ही धमकी पोकळ म्हणून सोडून देण्याची कोणाचीच हिंमत होत नाही. या सगळ्याच्या विरुद्ध पारड्यात तुमच्याकडे काय होते? हॉलमधला दिवाण, वहिनीचा थकलेला चेहरा, आणि "पुढे काय ठरवलंस" हा रोज सकाळी चहाबरोबर येणारा प्रश्न. तुम्ही तिला प्रेमाने ठेवून घेतले यात मला शंका नाही. पण किती दिवस, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि बायका हे न विचारताच ओळखतात.

यात आशाही मिसळलेली असते, ती नाकारू नये. मारहाणीनंतर नवरा रडतो, पाया पडतो, मुलाला खांद्यावर घेऊन यात्रेला नेतो, आणि मग पुन्हा कुरकुर सुरू होऊन ताण वाढत जातो. हे चक्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी १९७९ साली मांडले आणि ते पुष्कळ घरांना लागू पडते. सगळ्यांना पडत नाही. मी अशीही घरे पाहिली आहेत, जिथे मारल्यानंतर माफी कधीच नव्हती, नुसती शांतता होती, आणि बाई त्या शांततेलाच सुख म्हणत होती.

पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवरून ती फिरली, हे तुमच्या मनाला फार लागलेले दिसते. तुम्ही अर्धा दिवस रजा टाकली असेल, ओळखीच्या माणसाला फोन करून ठेवला असेल. तिच्या डोक्यात मात्र त्या पायऱ्यांवर एकच गोष्ट होती : तक्रार नोंदवून झाल्यावर आजची रात्र, आणि त्या रात्री तिकडे असलेला मुलगा. हे भित्रेपण मानू नका. नवऱ्याला सोडून निघण्याचा आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांचा काळ अशा स्त्रियांसाठी सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतो आहे हे त्याला तेव्हाच कळते. हे संशोधनातून दिसून आलेले आहे आणि बायकांना ते संशोधनाआधीपासून ठाऊक आहे. आणखी एक सांगून ठेवते. उद्या ती बोलू लागली तर तारखा चुकतील, कालचे आज वेगळे सांगेल, मध्येच हसेल, नवऱ्याची बाजू घेईल, कदाचित तुमच्यावरच खेकसेल. भीतीत काढलेल्या वर्षांची आठवण सरळ रेषेत येत नाही. "आधी असं म्हणालीस, आता तसं म्हणतेस" हे वाक्य तिला आयुष्यात पुढे वकील ऐकवतीलच. भावाने ते ऐकवू नये.

दार बंद करण्याची तुमची धमकी वाचून मला माझीच एक चूक आठवली. समुपदेशनाच्या कामाला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. एक बाई चौथ्यांदा आली होती, हातात मुलाचे दप्तर होते. मी थकले होते आणि तिला म्हणाले, "ताई, आता परत गेलात तर मी तुमची केस घेणार नाही." तिने मान हलवली, दप्तराचा बंद नीट केला आणि गेली. ती पुन्हा आली नाही. माझा समज असा होता की मी तिला ठाम व्हायला मदत करत होते. प्रत्यक्षात तिला हुकूम करणारे घरी एक माणूस होते, मी दुसरे झाले.

म्हणून तिला कसे समजवावे, याचे माझे उत्तर असे आहे की समजावणे थांबवावे आणि जे शब्द बोललात ते आधी मागे घ्यावेत. हे व्हॉट्सॲपवर लिहू नका. तिचा मोबाईल तिच्याइतकाच दुसराही कोणी वाचत असणार. लग्नकार्यात, भाऊबिजेला, किंवा गावातल्या तिच्या एखाद्या मैत्रिणीकडे, चार मिनिटे एकटी मिळाली तरी पुरे. "मी रागात बोललो, चुकलो. तू दहा वेळा आलीस आणि दहा वेळा गेलीस तरी दार उघडंच आहे," एवढे म्हणा आणि लगेच "मग कधी निघतेस" असे विचारू नका. फोनवर दोघांनाच कळेल असा एखादा साधा शब्द ठरवा. "आबांची बीपीची गोळी संपली का" असे ती म्हणाली तर गाडी काढायची, असे काहीही चालेल. तिचे आधार कार्ड, पासबुक, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या आणि दवाखान्याचे जुने कागद यांचे फोटो तुमच्याकडे असू द्या. जमले तर सांगलीत तिच्या एकटीच्या नावे खाते उघडा, पत्ता आणि मोबाईल क्रमांक तुमचा द्या.

चुलतभावांना मात्र घरी बसवा. दाजींना बांधावर गाठून चोप दिल्याचे समाधान तुम्हाला संध्याकाळपर्यंत पुरेल आणि त्याची परतफेड रात्री बंद दाराआड तिच्याकडून वसूल होईल. वर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल तो वेगळाच.

कायद्याची बाजू तिला माहीत असणे आवश्यक आहे, मग ती आज वापरो वा दोन वर्षांनी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्यात शारीरिक मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही धरलेला आहे. म्हणजे स्वतःच्या कष्टाचे पैसे हाती न देणे आणि स्त्रीधन अडकवून ठेवणे हेही त्यात येते. या कायद्याचा आधार घेण्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही की सासर सोडावे लागत नाही. उलट त्या घरात राहण्याचा तिचा हक्क कायदा मानतो, आणि घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्या कारणाने तो हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. या कायद्याखाली शासनाने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल नोंदवता येतो. दंडाधिकारी नवऱ्याला मनाई करणारा आदेश, निर्वाहाचा खर्च, दागिन्यांची परतफेड आणि मुलाचा तात्पुरता ताबा, असे सगळे देऊ शकतात, निकड असेल तर दुसऱ्या बाजूची वाट न पाहताही. अर्जाची पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायदा म्हणतो. तारखा त्याहून लांबतात, हेही तिला खरे खरे सांगा, म्हणजे पहिल्याच तारखेला ती खचणार नाही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचे, ज्याला आपण चारशे अठ्ठ्याण्णव-अ म्हणत आलो, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाने आले आहे. तो फौजदारी मार्ग वेगळा आहे आणि तो धरायचा की नाही हे तिने ठरवायचे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, कायदेशीर मदतीसाठी १५१०० आहे, आणि प्रसंग जिवावरचा असेल तर ११२. संरक्षण अधिकाऱ्याला माहिती तुम्ही स्वतःही देऊ शकता, सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कायदा तुम्हाला जबाबदार धरत नाही. पण जिवाला धोका दिसत नसेल तोवर तिला विचारल्यावाचून ते करू नका.

कागदपत्रांवर मी एवढा भर देते याला आपल्याच जिल्ह्यातला इतिहास कारण आहे. कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर यांनी टाकलेल्या बायकांचे प्रश्न चळवळीत आणले, तेव्हा स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी त्यात होती. बाहेरच्याला ती क्षुल्लक वाटेल; पण जिचे नाव फक्त नवऱ्याच्या कार्डावर असते ती त्या घरातून बाहेर पडली की सरकारदप्तरी कोणीच उरत नाही.

तुमच्या पत्नीशीही एकदा मोकळेपणाने बोला. त्यांच्या घरात पाहुणा येतो, दोन खोल्यांत भांडणाचे सावट येते आणि नणंद गेली की दोष मात्र त्यांच्या कपाळी येतो. त्यांची कुरकुर अगदीच अनाठायी नाही. पुढच्या वेळी ती आली तर निदान महिनाभर तरी कोणी काही विचारायचे नाही, हे त्यांच्या संमतीने आधीच ठरलेले असावे. तुमच्या एकट्याचे वचन चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात मोडेल.

राहता राहिली भाच्याची शाळा. शिक्षणहक्क कायद्यानुसार शासकीय किंवा अनुदानित शाळेला केवळ जुन्या शाळेचा दाखला हाती नाही म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, त्यामुळे महापालिकेच्या शाळेत तो वर्षाच्या मध्यावरही बसू शकेल, आणि दाखला मागाहून आणता येईल. मात्र मुलाला परस्पर उचलून आणू नका. तो आईबरोबर यावा आणि ताब्याचा अर्ज वकिलामार्फत लगेच व्हावा. तोवर चौकशीसाठी त्याच्या गावच्या शाळेत पाऊलसुद्धा टाकू नका. तिथे सकाळी गुरुजींना विचारलेली गोष्ट दुपारच्या जेवणापर्यंत तिच्या घरी पोचलेली असते.